अनेरच्या काठाने

शेवटच्या चढावर सुलक्षणा सायकलवरून उतरली आणि सायकल हाताने ढकलत चालू लागली. प्रेमराज असता तर उतरला नसता. मागे अनेर धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं, समोर सातपुड्याचं जंगल, आणि मध्ये कपाशीच्या शेतांतून जाणारा हा अरुंद रस्ता.

वाट प्रेमराजने शोधलेली. दर रविवारी तो धुळ्याहून मोटारीला सायकल बांधून शिरपूरपर्यंत यायचा. मग धरण, पाझर तलाव, जंगलातल्या गाडवाटा असं सगळं जोडत दिवसभर हिंडायचा. सुलक्षणाला त्याचा राग यायचा. त्या रविवारी सकाळी तर ती नको ते बोलून गेली होती. "त्या तलावांशीच लग्न करायचं होतंस." तो मोटारीला सायकल बांधून निघून गेला.

त्याच दुपारी ह्या चढाखाली त्याच्या छातीत कळ आली.

तो गेल्यावर ती सायकल शिकली. आता दर भाद्रपदात ती ह्या वाटेने एकटी यायची. यंदा मात्र उद्या बरेच जण येणार होते. धुळे-जळगावच्या सायकलवाल्यांनी ह्या वाटेला प्रेमराजचं नाव द्यायचं ठरवलं होतं. सकाळी फाट्यावर पाटी लागणार होती. तेच चढावरच्या गावातल्या हिलालभाऊ आणि कुंदाबाई ह्या नवरा-बायकोला सांगायला ती एक दिवस आधी आली होती.

हिलालभाऊ घराच्या ओट्यावर बसले होते. तिला पाहून उठले, सायकल भिंतीला टेकवली. पूर्वी शिरपूरला ड्रायव्हरकी केलेली, त्यामुळे तिच्याशी ते शहरी मराठीत बोलायचे.

"ताई, इतक्या उन्हात?"

"प्रेमराजही उन्हातच यायचा ना."

कुंदाबाईने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि उंबऱ्याशी बसली. हीच ती बाई. शेतातून येताना तिला रस्त्याकडेला पडलेला प्रेमराज दिसला होता. तिने ओरडून नवऱ्याला बोलावलं, दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या जीपमध्ये घातलं. हिलालभाऊंनी त्याला शिरपूरला नेलं, त्याच्याच फोनवरून सुलक्षणाला कळवलं, आणि ती धुळ्याहून पोचेपर्यंत त्याचा हात धरून बसून राहिले. ती धावत आत शिरली तेव्हा हा अनोळखी माणूस तिच्या नवऱ्याचं कपाळ पुसत होता.

मग प्रेमराजला धुळ्याला हलवलं. तो दोन दिवस जगला.

सुलक्षणाने पिशवीतून लुगडं काढलं. कुंदाबाईने हात लावला नाही.

"ऱ्हावू द्या, बैन."

दर वर्षी हेच. कुंदाबाई कधी लुगडं घ्यायची नाही, कधी जवळ बसून बोलायची नाही. नजरेला नजरसुद्धा द्यायची नाही. भाकरी-पिठलं करून वाढायची आणि आत निघून जायची. त्याआधी त्या दोन दिवसांबद्दल एक प्रश्न मात्र न चुकता विचारायची. आजही तिने तो विचारला.

"बोलनात ना ते तुमनासंगे? मनभर?"

"बोलला," सुलक्षणा म्हणाली. "मी सकाळचं सगळं परत घेतलं. रडले. तो हसला, म्हणाला, पुढच्या रविवारी तूही चल. दोन दिवस आम्ही आयुष्यभराचं बोलून घेतलं, कुंदाबाई. तेवढं झालं नसतं तर मी वेडी झाले असते."

"मंग चांगलं व्हयनं," कुंदाबाई म्हणाली आणि उठली.

"उद्या पाटी लावायचीय. नारळ तुमच्या हातून फोडायचाय."

"मी नही येस."

"का पण?"

ती आत गेली. चुलीपाशी भांडं वाजलं.

सुलक्षणाला अवघडल्यासारखं झालं. तिने आवाज खाली आणला. "हिलालभाऊ, माझं काही चुकतं का? त्या माझ्यावर रागावल्यात का?"

"नाही हो, ताई. रागावली असती तर तुमच्यासाठी चूल पेटवली असती का?"

"मग मी आले की अशा का होतात?"

ते तिच्या सायकलचा टायर दाबून बघू लागले. दूर धरणावर टिटवी ओरडत होती.

विषय बदलावा म्हणून सुलक्षणा म्हणाली, "आमच्या मंडळींनी आणखी एक ठरवलंय. इथल्या मुलींना शाळा लांब पडते. प्रेमराजच्या नावाने त्यांना सायकली द्यायच्या. पहिली सायकल मला तुमच्या घरात द्यायचीय. तुमच्याकडे शाळेत जाणारी कुणी आहे?"

विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत आपण ह्या घरातलं काहीच कधी विचारलं नाही. येऊन आपलंच सांगत राहिलो.

हिलालभाऊंनी एकदा दाराकडे पाहिलं. आतली बाई ऐकत नाही ना, एवढं त्यांनी बघितलं असावं.

"आमची ज्योती होती. नववीत," ते म्हणाले. "मी शिरपूरला तुमच्या साहेबांपाशी बसलो होतो ना, तेव्हाच इकडे तिला शेतात साप चावला. फोनला रेंज नव्हती, नाल्याला पाणी आलेलं, मोटारसायकल निघत नव्हती. आणि जीप गावात तेवढी एकच होती, ताई."