वाकडी करंगळी

“म्याडम, लाइटच लागून नाही राहिला!”

घसा पाहायचं यंत्र सरिता सिस्टरनं हातावर आपटलं, सेल बदलले. दिवा ढिम्म. टेबलावर आत्ताच जन्मलेली पोर निळी पडलेली, लुळी. मास्कनं हवा दिली तरी छाती हलेना. आता श्वासनळीत नळी घालणं एवढाच उपाय होता, आणि वाटच दिसत नव्हती. भंडाऱ्याचं मोठं इस्पितळ तासाभराच्या रस्त्यावर. पोरीजवळ फार तर दोन-तीन मिनिटं.

डॉक्टर दामिनीनं पोरीची मान सरळ केली. पोर तिच्या सख्ख्या भावाची होती. बाहेरच्या बाकावर तिचे बाबा बसले होते, आंधळगावचे नंदलाल. जन्मभर मागावर कोशाचं रेशीम विणलेला माणूस.

या बाबांची एक खोड होती. लेक भेटली की आधी तिची डावी करंगळी हातात घ्यायची आणि म्हणायचं, “माफ कर मले, माय.” ती पाच वर्षांची असताना तिनं मागाच्या धाग्यांत हात घातला, बाबांचं लक्ष नव्हतं, मागाची जड फणी येऊन करंगळीवर आदळली. गावच्या वैद्यानं बांधलेलं बोट टोकाशी वाकडंच जुळलं, आकड्यासारखं. पुढं त्या बोटापायी दोन स्थळं परत गेली. गेली तर गेली! दामिनीला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. म्हातारा मात्र पंचवीस वर्षं झुरत होता.

“किती वेळा माफ करू, बाबा?” ती हसून विचारायची. पुढच्या भेटीला पुन्हा तेच.

“सिस्टर, नळी द्या. बोटानं चाचपून घालते.”

तर्जनी त्या इवल्याशा तोंडात पुढं जाईना. तिनं डावी करंगळी घातली आणि डोळे मिटले. बोट जिभेवरून खाली सरकलं. मऊ पापुद्रा लागला, श्वासाच्या वाटेवरचं झाकण. सरळ बोट त्यावरून निसटलं असतं. वाकड्या टोकानं ते अलगद उचललं, आणि नळी बोटाच्या कडेकडेनं आत उतरली.

सरितानं फुगा दाबला. छाती हलली. पुन्हा हलली. ओठांवर हळूहळू लाली आली, तेव्हा सरिता सिस्टर चक्क रडायला लागली.

संध्याकाळी नळी काढली. पोरीनं असा काही टाहो फोडला की बाकावरचे बाबा ताडकन उठले.

“बाबाजी, म्याडमच्या वाकड्या करंगळीनं वाचवली तुमची नात!” सरितानं सगळं सांगून टाकलं.

बाबा आत आले. सवयीनं त्यांनी लेकीची करंगळी हातात घेतली. दामिनी नेहमीच्या शब्दांची वाट पाहत होती.

बाबांनी ती करंगळी नातीच्या मुठीत दिली. माफी मागायची ते विसरूनच गेले.