शनिवारचं गरम पाणी

एलियाहने टाकीत हात घातला आणि तसाच झटकला. पाणी आजही गार होतं.

"आजपन नाय?" ओटीवरच्या खुर्चीतून साराने विचारलं.

"नाय," तो म्हणाला आणि हातातला पाना फरशीवर आपटला.

राग येईल नाही तर काय होईल? परसातली ही छातीइतकी खोल टाकी त्याने खास लेकीसाठी बांधली होती. दोन वर्षांपूर्वी तापात साराचे पाय गेले. रोज कोमट पाण्यात व्यायाम झाला तर पोर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गार पाण्यात पाय आखडतील, तेव्हा उतरवूसुद्धा नका. धाटावच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करणाऱ्या एलियाहने मग गच्चीवर काळ्या नळ्यांचे पॅनल बसवले. पंप टाकीतलं पाणी वर चढवायचा, उन्हाने तापलेल्या नळ्यांतून फिरून ते गरम होऊन खाली यायचं. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग चांगलं लख्ख ऊन असताना पाणी तापेनासं झालं.

त्याने पॅनलवरची धूळ पुसली, गाळणी धुतली, नळ्यांत अडकलेली हवा काढली, पंप खोलून परत जोडला. कंपनीतले मोठमोठे बॉयलर वठणीवर आणणारा माणूस घरच्या टाकीपुढे हात टेकायच्या बेताला आला होता.

त्यात त्याला घाई होती. त्याची बायको तामार वारल्यापासून तिचा भाऊ इस्रायलहून सारखा बोलावत होता. अष्टमी गावातली बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं एकेक करून रिकामी झाली होती. पण लेकीला पाठुंगळी घेऊन परक्या मुलखात उतरायला एलियाह तयार नव्हता. सारा चालायला लागली की त्याच आठवड्यात तिकिटं काढायची, हे त्याने घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

त्याचा बाप हासाजी मात्र येणार नव्हता. "आपन अष्टमकर," म्हातारा म्हणायचा. "त्या नावाचा अर्थ तिकडं कुनाला कळनार हाय?" त्याचा सगळा दिवस ओटीवर नातीपाशी जायचा. शुक्रवारी दिवे लागले की आजा-नात मिळून प्रार्थना म्हणायची. एलियाहला एवढी सवड नसायची; तो शनिवारीही कंपनीत असायचा.

एका गुरुवारी कंपनीची वीज गेली आणि तो भर दुपारी घरी आला. सरळ शिडी चढून गच्चीवर गेला. पंप चालू होता, पण कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हची दांडी आडवी फिरवलेली होती. पाणी पॅनलमध्ये न जाता बाजूच्या नळीने तसंच खाली परतत होतं. रोज संध्याकाळी तो बघायचा तेव्हा ही दांडी नेमकी जागच्या जागी असायची.

एलियाहचं डोकं भणाणलं. दिवसा घरात असायचं कोण? कामाला येणारी धोंडुबाई आणि म्हातारा. धोंडुबाई तर आठवड्याचे सगळे दिवस यायची. आणि पाणी फक्त एकाच दिवशी हटकून गरम असायचं, शनिवारी. शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कशाला हात न लावणारा माणूस कोण, हे त्याला वेगळं विचारायची गरज नव्हती.

तो दणादणा खाली आला.

"बाबा, उठताना गुडघे धरून कण्हता आणि गच्चीवर चढता? इथंच राहायचं म्हणून सख्ख्या नातीचे पाय अडवता? एवढं ढोंग?"

हासाजीने साराकडे बघितलं. ती मान खाली घालून फ्रॉकची शिवण उसवत होती.

"व्हय," म्हातारा म्हणाला. "मीच फिरवतो."

"आजा, नको," म्हणत सारा रडायला लागली.

"गप ऱ्हा गो."

त्याच संध्याकाळी एलियाहने बापाला रोह्याच्या स्टँडवर नेलं आणि पेणच्या एसटीत बसवलं, आपल्या बहिणीकडे. पायरी चढताना म्हाताऱ्याचे पाय लटपटले, शेवटी कंडक्टरने काखेत हात घालून वर ओढलं. एलियाह दात-ओठ खात ते नाटक बघत उभा राहिला.

सोमवारी तो मुद्दाम दुपारी घरी आला. आता तरी पाणी तापलं असेल, आज पोरीला उतरवू, असं ठरवूनच आला होता. टाकीत हात घातला. पाणी गारेगार.

गच्चीवर व्हॉल्व्ह पुन्हा आडवा होता, आणि या खेपेला त्याची दांडीच कोणी काढून नेली होती. शिव्या घालत तो खाली उतरला, तर ओटीवरची खुर्ची रिकामी. सारा घरात नव्हती, परसात नव्हती.

"म्हातारा आला होता?" त्याने धोंडुबाईला विचारलं.

"मी विहिरीवर भांडी घाशीत व्हते, भाऊ. मला कोन दिसलं नाय." ती घाबरून गेली होती. "पन पोरीला उचलून दुसरं कोन नेनार?"

झालं. म्हातारा पेणहून परत आला, दांडी काढली आणि वर पोरीलाही पळवलं. एलियाहने स्कूटरला लाथ मारली. आज बाप म्हणून भीडमुर्वत ठेवायची नाही, सरळ पोलिसांत द्यायचं, असं बडबडत त्याने पूल ओलांडला आणि रोह्याच्या स्टँडवर स्कूटर तशीच आडवी टाकली.

पेणची गाडी लागलेली होती. त्याने बाकड्यांवर, टपरीवर, खिडक्यांतून आत, सगळीकडे म्हाताऱ्याची पांढरी टोपी शोधली. ती कुठेच नव्हती.

मग त्याची नजर गाडीच्या दाराकडे गेली. तिथे दोन कोळणींच्या मध्ये, एका मुठीत भाड्याची चिल्लर आणि दुसऱ्या मुठीत व्हॉल्व्हची दांडी घट्ट धरून, सारा रांगेत उभी होती.