टॉवेलची दांडी

“ह्याच्यावर टॉवेल तरी मावेल का तुमचा?” रत्नप्रभाने नवऱ्याला विचारलं. भंगाराच्या ढिगासमोर उकिडवा बसून दत्ताराम खिशातला रुमाल नळ्यांवर टाकून बघत होता.

साकीनाक्याच्या त्या दुकानात विमानतळाजवळच्या कुठल्याशा हॉटेलातल्या न्हाणीघरांचं सामान येऊन पडलं होतं. त्यात विजेवर तापणाऱ्या दांड्या होत्या. गोऱ्या पाहुण्यांना म्हणे अंघोळीनंतर टॉवेल ऊबदार लागतो. इथे मे महिन्यात अंगाचं पाणी पाणी होत होतं, आणि दहिसरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या ह्या माणसाला गरम टॉवेल हवा होता! हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौसेलाही काही ऋतू असतो की नाही?

“काका, ही घ्या.” दुकानदाराने रुंद, चकचकीत, दोन नळ्यांची दांडी पुढे केली. “मोठा टॉवेल मस्त पसरून राहील.”

दत्तारामने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने पोचे आलेली, बारीक नळ्यांची, शिडीसारखी दुसरीच उचलली आणि प्रत्येक नळीवरून हात फिरवला. गिरणीत तो सुकवणी खात्यात होता. वाफेच्या रुळांवरून ओलं कापड जायचं नि कोरडं बाहेर पडायचं. संपात गिरणी गेली, हाताची सवय राहिली.

“हीच होयी,” तो म्हणाला. हट्टाला पेटला की त्याची मालवणी बाहेर यायची, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो हलत नसे.

ते धूड दोघांनी दोन टोकांना धरून बसमधून घरी आणलं. रत्नप्रभाचा उजवा खांदा कधीचा आखडला होता, हात वर जात नव्हता. ती थकली होती, आणि नुसत्या ओझ्याने नाही. आषाढात तिची लेक नलिनी बाळंतपणाला येणार होती. नलिनीचं हे दुसरं. पहिला मुलगा ह्याच घरात असताना, ऐन पावसाळ्यात छाती भरून, इस्पितळात दगावला होता. तेव्हा कितीतरी दिवस ऊन म्हणून पडलं नव्हतं. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट सुकवावे लागत, आणि एकदा तर कोळसेच दमट निघाले. पेटता पेटेनात. इस्पितळाच्या पायरीवर दत्तारामने एकच विचारलं होतं, “लंगोट सुकले नव्हते काय?” त्यानंतर त्याने त्या पोराचा विषय काढला नाही. रत्नप्रभाच्या काळजात मात्र तो प्रश्न रुतून बसला. लंगोट सुकवायचं काम तिचंच होतं.

त्या खेपेला तिने झबली-लंगोट हौसेने आधीच शिवून ठेवले होते. बाळ यायच्या आत बाळाची तयारी करू नये, असं शेजारणी मागाहून बोलल्या. ह्या वेळी तिने सक्त ताकीद दिली होती. बाळासाठी घरात टाचणीसुद्धा आणायची नाही, तोंडाने बोलायचंही नाही. दत्तारामने मुकाट मान डोलावली होती. आणि आता ह्याला टॉवेलचं सुचत होतं. ह्या माणसाला काळीज आहे की धोंडा, असं तिच्या मनात आलं नि डोळे भरून आले.

रविवारी खालच्या मजल्यावरचा नंदू वायरमन आला. बटण न्हाणीघराच्या दाराबाहेर घेतलं, दांडीसाठी नळापासून लांबची भिंत धरली.

“काका, उंच लावू या,” नंदू म्हणाला. “नाहीतर टॉवेल जमिनीवर लोळणार.”

“लोळू दे.” दत्तारामने बायकोला हाक मारली. “गो, इथे उभी रव. भिंतीला हात लाव. वर नको ताणू, सहज पोचेल तिथे.”

“टॉवेल तुमचा, नि हात माझा कशाला?” ती करवादली. तरी तिने हात लावला. पंजा जिथे टेकला तिथे त्याने पेन्सिलीने रेघ मारली आणि नंदूने तिथेच भोकं पाडली.

काम आटपून, चहा पिऊन नंदू गेला. चहाची भांडी विसळायला म्हणून रत्नप्रभा न्हाणीघराच्या दाराशी आली, तर दत्ताराम आत उभा. दांडी तापली होती. टॉवेल जुन्या खुंटीवर तसाच लटकत होता. दांडीवर होती ती फडकी. आपल्या जुन्या मऊ लुंगीचे रुमालाएवढे तुकडे करून, भिजवून, पिळून, त्याने एकेका नळीवर एकेक टाकला होता. त्यातला एक उचलून त्याने गालाला लावला. जरा थांबला. मान हलवून परत नळीवर टाकला.

लंगोटातला ओलावा हाताला कळत नाही, गालाला कळतो. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. पुरुषाला कोण शिकवणार? तेव्हा कधीतरी कोपऱ्यात बसून त्याने तिला पाहिलं असणार.

म्हणजे तिच्याच ताकिदीपायी हा इतके दिवस ताकाला जाऊन भांडं लपवत होता. तिच्या हातातली भांडी हातातच राहिली.

“तुम्ही मला विचारलं होतंत,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “त्या दिवशी, इस्पितळात. लंगोट सुकले नव्हते काय म्हणून. तेव्हापासून मी...”

“तुला नाय विचारलं गो,” दत्ताराम भिंतीकडे बघत म्हणाला. “गिरणीत तागेच्या तागे सुकवले मी, रत्ना. घरातले चार लंगोट नाय सुकवता आले.”