पुंगळीचं माप

“तुमची बंदूक नुसती खोकते हो, मिस्त्री,” असं म्हणत बागवाल्याने ठासणीची बंदूक टेबलावर आडवी ठेवली. “काल रानडुक्कर अंगावर आलं. गोळी अगदी कपाळावर बसली. त्याने मान झटकली आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.”

मिस्त्री हसला. बागवाल्याच्या नेमाची टिंगल सगळं गावच करायचं, मग त्याने का सोडावी? नऊ वर्षांपूर्वी ही बंदूक त्यानेच करून दिली होती. जाड नळीची, चांगली दणकट. ती खोकणं शक्यच नव्हतं.

“बंदूक ठणठणीत आहे. तुमचा हात थरथरतो, त्याला मी काय करू?”

“हाताचं सोडा. तुम्ही दिलेलंच माप भरतो, काठोकाठ. पहिल्या दिवसापासून.”

त्याने खिशातून माप काढून पुढे ठेवलं. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी, तिला डाख देऊन तारेचा दांडा जोडलेला. मिस्त्रीची सगळी मापं अशीच असत. बंदूक तयार झाली की तो स्वतः उडवून बघायचा, तिला किती दारू मानवते ते ठरवायचा आणि नेमकी तेवढीच मावेल इतकी पुंगळी कानशीने घासून उतरवायचा. प्रत्येक बंदुकीचं आपलं माप. त्यावर आकडा मात्र ठोकायचा नाही, ही त्याची घमेंड. थोरला भाऊ किती वेळा म्हणाला असेल, “अरे, एक आकडा ठोकायला तुझं काय जातं?” मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं. “दादा, मी कापलेलं माप मी डोळे मिटून ओळखतो.”

आत वहिनी चहा टाकत होती. तीही चहाची पूड पुंगळीनेच मोजायची. “घरातले चमचे चोरीला गेले की काय?” असं मिस्त्रीने चिडवायचं आणि तिने पुंगळी डब्यात परत ठेवायची, हे रोजचंच.

मिस्त्रीने बागवाल्याचं माप हातात घेतलं आणि त्याचं हसू मावळलं. पुंगळी जेमतेम दीड पेराची होती. एवढं आखूड माप त्याने उभ्या आयुष्यात एकदाच कापलं होतं, पातळ नळीच्या हलक्या बंदुकीसाठी. दादाच्या.

दोन्ही बंदुका एकाच आठवड्यात तयार झाल्या होत्या. दोन्ही मापं कागदात गुंडाळून याच टेबलावर पडली होती. कुठलं पुडकं कुठल्या बंदुकीला बांधतोय हे त्याने उघडून बघितलं नव्हतं. आणि धाकट्याने दिलेलं माप दादा कशाला तपासतोय?

पहिल्याच बाराला दादाच्या बंदुकीची नळी फुटली. त्याला घरी आणलं तेव्हा दारात जमलेल्या लोकांना मिस्त्रीनेच सांगितलं होतं, “हात सैल होता त्याचा. दोन मापं ठासली असणार.” ते गावभर झालं. वहिनीने ते नळावर ऐकलं, बाजारात ऐकलं, माहेरीसुद्धा ऐकलं. माणूस गेला तो गेलाच, वर हावरट ठरून गेला. नऊ वर्षांत तिने दिराला एका शब्दाने उलटून विचारलं नाही. विचारून जाणार कुठे? राहायचं दिराच्याच घरात होतं.

“काय झालं हो?” बागवाल्याने विचारलं.

वहिनी कप घेऊन दारात उभी होती. आत्ता, दोघांच्या समोर, खरं काय ते सांगून टाकायचं. दादाचं नाव धुऊन निघालं असतं. पण मग मिस्त्रीच्या हातची बंदूक खांद्याला कोण लावणार होतं?

“झिजलंय माप,” मिस्त्री म्हणाला. “नवीन कापून देतो. उद्या या.”

पितळ झिजलं म्हणून माप लहान होत नसतं, हे बागवाल्याला कुठून ठाऊक असणार? त्याने चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि बंदूक तिथेच ठेवून तो गेला. मिस्त्रीने माप सदऱ्याच्या खिशात टाकलं. भट्टी पेटलेलीच होती. एवढंसं पितळ वितळायला कितीसा वेळ लागतो.

“भाऊजी, खिशातलं जरा द्या.”

“भंगार आहे ते, वहिनी.”

“असू दे. द्या.”

तिने हात पुढे केला. तिने आजवर त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हेच त्याला सुचलं नाही. त्याने माप दिलं.

वहिनी आतून चहाचा डबा घेऊन आली. डब्यातली पुंगळी काढून तिने टेबलावर उभी केली. मग आखूड मापात चहाची पूड भरली, बोटाने सपाट केली आणि पुंगळीत ओतली. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पुंगळी काठोकाठ भरली.

मिस्त्री पुंगळीकडे बघत राहिला. तारेचा दांडा होता. डाख त्याच्याच हातचा होता.

“त्यांच्या पिशवीत सापडली,” वहिनी म्हणाली. “त्या दिवशी निघताना त्यांनी बंदूक माझ्यासमोर ठासली होती. एकदाच भरलं होतं माप. दोनदा नाही.”

तिने पुंगळीतली पूड डब्यात परत ओतली आणि झाकण लावलं.

“तेव्हापासून तुमचा चहा मी हिनेच मोजते, भाऊजी. म्हटलं, डोळे मिटून ओळखता ना, मग उघड्या डोळ्यांनी कधीतरी ओळखालच.”