पॅनची मूठ

केनियातल्या किसुमू शहरात ओचोलाच्या घरी कोळशाच्या शेगडीवर तापून तापून पॅनची प्लॅस्टिकची मूठ लुळी पडली होती. "लोहाराकडून लोखंडी दांडी बसवून आणा हो," असं बायको अकेयो म्हणाली की ओचोला मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून द्यायचा आणि वर ऐकवायचा, "माझी आई निखारे हातानं सरकवायची. तुम्हा आजच्या बायकांचे हात म्हणजे लोणी!"

एका रविवारी ओमेना नावाची बारीक मासळी तळताना मूठ निखळली आणि उकळतं तेल अकेयोच्या हातावर सांडलं. शेजारणी बघायला आल्या, तर ओचोला प्रत्येकीला सांगत होता, "हिचं लक्ष कुठे असतं, देव जाणे!"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक त्याच्यावर आला. अंडी परतता परतता तो किंचाळला आणि अर्धकच्ची अंडी तशीच टाकून, पॅन घेऊन बाजारात धावला. जेवायच्या आत रिव्हेट मारलेली पक्की लोखंडी दांडी, तिच्यावर लाकडी मूठ, सगळं तयार!

"इतके महिने सांगत होते, तेव्हा का नाही नेलंत?" अकेयोनं विचारलं.

बोटावर फुंकर घालत ओचोलानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "अगं, तेव्हा भाजत नव्हतं ना!"