नायिकेची उडी

बाई सुपरहिरो असलेल्या त्या सिनेमात पाचव्या मजल्यावरून एक उडी होती. नायिकेच्या जागी ती मारायची म्हणून स्टंट करणारी मुलगी महिनाभर घाम गाळत होती. ऐन शूटिंगच्या दिवशी फाइट मास्तरांनी तिच्या कमरेचा दोर सोडायला लावला आणि मिशी उतरवलेल्या एका गड्याला नायिकेचा विग चढवला.

"हे बायकांचं काम नाही गं. तुला काही झालं, तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"आणि याच्या आईला?" तिने विचारलं. मास्तर गड्याच्या कमरेला दोर बांधू लागले.

सिनेमा तुफान चालला. सत्कारात दिग्दर्शक छाती फुगवून म्हणाले, "बाईला काहीच अशक्य नाही, हे आम्ही दाखवून दिलं!" टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतल्या तिने मात्र हाताची घडी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने तिला मोबाइलवरचं परीक्षण वाचून दाखवलं. कथा वेगवान, नायिका देखणी, उडी तर डोळ्यांचं पारणं फेडणारी.

शेवटी लिहिलं होतं,

"दोष एकच. असले स्टंट करून करून नायिकेचे खांदे पार पुरुषी झालेत. बाईने जरा नाजूकपणा जपावा."