पाठमोरं स्टेडियम

पिस्तुलाचा बार पाठीमागं झाला आणि ज्ञानदेवाची मान अर्धी वळून तिथंच थांबली. त्याची लेक करुणा शर्यतीत पळायला सुटली होती. पण समोर मंचावर कॉलेजचे अध्यक्ष मारुतराव बसले होते. ज्ञानदेव त्यांच्याच शेतावर कामाला. मारुतरावांकडं पाठ करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसायचं.

शिरूर आणि दौंडच्या मधल्या त्या गावात कॉलेजचं स्टेडियमच तसं होतं. भूमिपूजनाला ऊन लागू नये म्हणून मंच रस्त्याकडेच्या लिंबाखाली घातला होता. खुर्च्यांचं तोंड मंचाकडं, पाठ मैदानाकडं. मारुतराव ठेकेदाराला म्हणाले, "खुर्च्या हायत तशाच पायऱ्या बांध." त्यानं तशाच बांधल्या. मारुतरावांचा शब्द, मग चूक काढणार कोण? तेव्हापासून दरसाल माणसं उसाचे ट्रक बघत शर्यतींना बसत. मारुतरावांनी टाळी वाजवली की सगळे वाजवत.

आजच्या स्पर्धा शेवटच्या. मैदान कांद्याच्या चाळींना दिलं होतं. सकाळी करुणा एवढंच म्हणाली होती, "आप्पा, तुम्ही दरसाल येता. मी पळते कशी, ते सांगा की."

मागं ओरडा वाढला. ज्ञानदेव उठला आणि सरळ मैदानाकडं फिरला. त्याच्या वस्तीला नेहमी सगळ्यात मागची, सगळ्यात वरची पायरी. तिथून अख्खं मैदान दिसत होतं.

"पळ, करुणे, पळ!"

"आवं, खाली बसा," बायको भागुबाईनं त्याचा सदरा ओढला. "मारुतराव बघत्यात."

"बघू दे. मी बी बघतोय."

भागुबाईनं सदरा सोडला, मग तीही फिरली. तिचं बघून पुढची पायरी फिरली. मग तिच्या पुढची. बघता बघता मारुतरावांसमोर नुसत्या पाठी उरल्या.

पायऱ्यांवर कोल्हापुरी वहाणा करकरल्या. माणसं बाजूला सरली. ज्ञानदेवानं तोंड वळवलं नाही.

मारुतराव धापा टाकत त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सरका जरा, ज्ञानदेव. तुमची कोणती?"

"ती अनवाणी हाय ना, ती. फुडं निघाली बघा!"

मारुतराव टाचा उंच करून बघतच राहिले.

"आयला," ते हळूच म्हणाले, "खालनं ह्या पायऱ्यांच्या आड मला कवा काय दिसलंच न्हाई. तुमच्यातलं कुणी टाळी वाजवली, की मी वाजवायचो."